घरच्या सर्व्हरची डिस्क रुसली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात लिनक्सवर चालणारा एक छोटा सर्व्हर आहे, त्यावर फोटो, कागदपत्रं, सिनेमे आणि दोन-चार कंटेनर (डॉकर नावाच्या साधनाने आपापल्या डब्यात चालवलेली ॲप) आहेत, आणि आज त्यातली एखादी डिस्क त्रास देतेय, असं धरून ही उत्तरं लिहिली आहेत. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. डॅशपुढचं अक्षर, वेगळं सांगितलं नसेल तर, लहान लिपीतलं.

काहीतरी बिघडलंय एवढंच कळतंय. सुरुवात कुठून करू?

हात आवरण्यापासून. डिस्कच्या तक्रारी तीनच जातींच्या असतात: ती भरलीय, ती दिसत नाही, किंवा ती मरायला टेकलीय. तिघींचे इलाज वेगळे आहेत आणि एकीचा इलाज दुसरीला लावला की नुकसान होतं. भरलेल्या डिस्कवर साफसफाई चालते. मरायला टेकलेल्या डिस्कवर तीच साफसफाई म्हणजे तिच्या उरल्यासुरल्या श्वासांची उधळपट्टी.

म्हणून आधी नुसतं बघा. ‘डीएफ -एच’ सांगेल काय किती भरलंय. ‘एलएसबीएलके’ सांगेल कोणत्या डिस्क दिसताहेत आणि कुठे माउंट आहेत, म्हणजे कोणत्या फोल्डरला जोडलेल्या आहेत. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, शेवटच्या शे-दीडशे ओळी वाचा, तिथे ‘आय/ओ एरर’ किंवा ‘लिंक रीसेट’ असे शब्द दिसले तर प्रश्न जागेचा नाही, हे नक्की. तिन्हींचं आउटपुट दुसऱ्या मशीनवर कॉपी करून ठेवा, नाहीतर सरळ मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. लॉग ज्या डिस्कवर आहे तीच आजारी असेल तर उद्या तो वाचायला मिळेलच असं नाही.

एकदा रीबूट करून बघू का?

लगेच नको. फिरत असलेली आजारी डिस्क थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. शिवाय रीबूटने पुरावा पुसला जातो. आधी डेटा वाचता येतोय का बघा. येत असेल तर जे गमावून चालणार नाही ते आधी बाहेर काढा.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतंय, पण डीएफमध्ये तर जागा शिल्लक दिसतेय.

‘डीएफ -आय’ चालवून बघा. फाइल ठेवायला जागा लागते तशी तिची नोंद करायला आयनोडही लागतो. गोदाम अर्धं रिकामं, पण नोंदवहीची पानं संपली, तशी ही अवस्था. एक्स्ट४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट करताना साधारण दर १६ केबीमागे एक आयनोड बनतो आणि तो आकडा तेव्हाच कायमचा ठरतो. नंतर फाइलसिस्टिमचा आकार न वाढवता वाढवता येत नाही. फोटोंच्या थंबनेल, मेलच्या फाइली, पीएचपीची सेशन, एखाद्या ॲपचा कॅश अशा लाखो चिटुकल्या फाइली साठल्या की हे होतं. ‘डीयू --आयनोड्स’ने कोणत्या फोल्डरात गर्दी आहे ते कळतं.

दुसरं कारण साधं आहे. एक्स्ट४ मुळात ५ टक्के जागा रूट युजरसाठी (सर्वाधिकारी ॲडमिनसाठी) राखून ठेवतं. ४ टीबीच्या डिस्कवर ती २०० जीबी होते! नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर एवढ्या राखीव जागेची गरज नसते. ‘ट्यून२एफएस -एम १’ देऊन ती एक टक्क्यावर आणा. सिस्टिमच्या डिस्कवर मात्र तिला हात लावू नका. डिस्क काठोकाठ भरल्यावरही रूट म्हणून लॉगिन करून काम करता येतं, ते त्याच राखीव जागेच्या जिवावर.

डीएफ म्हणतं ९५ टक्के भरली, डीयूने मोजलं तर निम्मीही भरत नाही. खोटं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलताहेत. डीएफ फाइलसिस्टिमला विचारतं, डीयू दिसतील त्या फाइली मोजतं. तेव्हा डीयूला न दिसणारं काहीतरी तिथे आहे.

बहुतेक वेळा ती असते डिलीट केलेली पण अजून उघडी असलेली फाइल. तुम्ही ३० जीबीचा लॉग उडवला, पण तो लिहिणारा प्रोग्राम चालूच आहे. तो फाइल सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ +एल१’ (यातला एल कॅपिटल) अशा फाइली आणि त्यांना धरून बसलेले प्रोग्राम दाखवतं. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की काम झालं. पुढच्या वेळी चालू लॉग डिलीट करू नका, ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामा करा.

दुसरी शक्यता मी स्वतः भोगलेली आहे. माझी बाहेरची बॅकअपची डिस्क एका रीबूटनंतर माउंटच झाली नव्हती. रात्री तीन वाजता स्क्रिप्ट इमानेइतबारे चालायची, तिला फोल्डर सापडायचा, ती त्यात फाइली टाकायची आणि ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल पाठवायची. तो फोल्डर म्हणजे रिकामा माउंट पॉइंट, सिस्टिमच्याच एसएसडीवर बसलेला. अकराव्या दिवशी एसएसडी भरली आणि डेटाबेसने मान टाकली. मी घाईत बॅकअपची डिस्क माउंट केली, आणि त्याबरोबर अकरा दिवसांच्या फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या. मग दोन तास डीयू चालवत बसलो. एसएसडी भरलेलीच, आणि भरणारं काही सापडेना.

यावर उपाय असा: ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ करून /एमएनटीमध्ये डीयू चालवा. बाइंड माउंटमध्ये वर बसवलेल्या इतर डिस्क येत नाहीत, त्यामुळे झाकलेलं उघडं पडतं. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचअॅटर +आय’ लावून ठेवा. मग डिस्क नसेल तेव्हा त्यात कोणालाच लिहिता येत नाही, रूटलाही नाही. स्क्रिप्ट आरडाओरडा करून थांबते. यशाचा खोटा मेल येण्यापेक्षा ते बरं.

जागा नेमकी कोण खातंय ते पटकन कसं शोधू?

‘एनसीडीयू -एक्स /’. यातला एक्स महत्त्वाचा, त्याने शोध एकाच फाइलसिस्टिमपुरता राहतो. नेहमीचे संशयित:

सिस्टमडीचा जर्नल, म्हणजे सिस्टिमचा एकत्रित लॉग. तो स्वतःला फाइलसिस्टिमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी एवढ्यात ठेवतो, म्हणजे मोठ्या डिस्कवर निरुपद्रवी, ३२ जीबीच्या कार्डवर उपद्रवी. ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम’ने तो आटोक्यात येतो.

डॉकर. खरा खादाड हाच. ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम (कंटेनरचा टिकवायचा डेटा) आणि बिल्ड कॅश असा हिशोब देतं. पण कंटेनरचे लॉग त्यात दिसत नाहीत, आणि नेहमीच्या जेसन-फाइल पद्धतीत त्यांना मर्यादाच नसते. एखादा कंटेनर सतत एकच एरर ओरडत बसला की महिन्याभरात लॉग कित्येक जीबी होतो. डॉकरच्या कॉन्फिगमध्ये ‘मॅक्स-साइझ’ टाका, आणि लक्षात ठेवा की ती मर्यादा नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागते; जुने पुन्हा बनवावे लागतात. ‘डॉकर सिस्टिम प्रून’ने केर काढताना ‘--व्हॉल्यूम्स’ जोडायच्या आधी दोनदा विचार करा. थांबवून पुसलेल्या कंटेनरचा डेटा असलेलं, नाव न दिलेलं व्हॉल्यूम त्याच्या दृष्टीने केरच असतं.

५०० जीबीची एसएसडी घातली, उबंटू सर्व्हर ९८ जीबीच दाखवतोय.

डिस्क ठीक आहे, बाकीची जागा तुम्हाला दिलेलीच नाही. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीक तुकड्यांत वाटायची सोय) वापरतो आणि २०० जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर रूटसाठी (मुख्य फाइलसिस्टिम, म्हणजे ‘/’) १०० जीबीच काढतो. उरलेली व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या जागेच्या साठ्यात) मोकळी पडून राहते. ‘व्हीजीएस’ चालवा, ती दिसेल. मग ‘एलव्हीएक्सटेंड -आर -एल +१००%फ्री’ आणि त्यापुढे रूट व्हॉल्यूमचं नाव. यातला एल कॅपिटल नाही, लहान लिपीतला आहे. ‘-आर’ मुळे फाइलसिस्टिमही सोबतच वाढते. सर्व्हर चालू असतानाच हे होतं.

४ टीबीची डिस्क ३.६ टीबीच का दिसते?

डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात, कॉम्प्युटर १०२४ च्या. काही हरवलेलं नाही.

रीबूटनंतर डिस्क गायब झाली.

आधी बघा, ती खरंच गायब आहे की नुसती नाव बदलून बसलीय. एसडीबी, एसडीसी ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडतील तशी वाटली जातात. एक यूएसबी ड्राइव्ह जास्तीचा लावला की कालची एसडीबी आज एसडीसी. म्हणून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) कायम यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा, तो ‘बीएलकेआयडी’ देतं. आणि डेटाच्या डिस्कपुढे ‘नोफेल’ लिहा, नाहीतर एक बाहेरची डिस्क सापडली नाही म्हणून अख्खा सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल, आणि त्याला तर मॉनिटरही जोडलेला नसतो.

एलएसबीएलकेमध्येच ती नसेल तर वाट तपासा: डेटा केबल, पॉवर केबल, पोर्ट, या क्रमाने, एका वेळी एकच बदल. यूएसबीच्या डब्यातली डिस्क असेल तर संशयाची सुई सर्वात आधी अडॅप्टरकडे. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि थकलेला अडॅप्टर नेमका तेव्हाच कच खातो.

बाहेरच्या डब्यातून काढून सर्व्हरमध्ये बसवलेली डिस्क फिरतच नसेल तर एक गंमत आहे. साटाच्या (डिस्क जोडायच्या पद्धतीच्या) नव्या नियमानुसार पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर व्होल्टेज आलं की डिस्क बंद राहते. जुने पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट देतात. डिस्क धडधाकट असते, तिला फक्त ‘झोप’ असा निरोप जात असतो. त्या पिनवर उष्णता सोसणाऱ्या टेपचा बारीक तुकडा लावला की ती उठते. मोलेक्सचा (जुन्या चार पिनी पॉवर कनेक्टरचा) अडॅप्टर लावूनही काम होतं, कारण त्यात ३.३ व्होल्टची वायरच नसते. पण ओतीव प्लास्टिकच्या स्वस्त कनेक्टरमध्ये आतल्या तारा चिकटून जळण्याचे प्रकार होतात, म्हणून मी टेपच्या बाजूचा.

फाइलसिस्टिम अचानक रीड-ओन्ली झाली.

कर्नलने ब्रेक दाबला आहे. पुन्हा ‘रीड-राइट’ माउंट करून गाडी पुढे दामटू नका, डीमेसेज वाचा. फक्त एक्स्ट४ च्या चुका असतील, म्हणजे वीज गेल्यासारखं काही झालं असेल, तर अनमाउंट करून ‘एफएसक’ (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवा. माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर एफएसक कधीच नाही. पण सोबत आय/ओ एररही असतील तर एफएसक थांबवा. तो डिस्कभर वाचतो, लिहितो, आणि न वाचता आलेल्या नोंदी ‘दुरुस्त’ करताना फाइली तोडतो. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, मॅप फाइल दिलीत तर काम मधेच थांबवून पुढे चालू करता येतं. मग एफएसक करायचा तो त्या प्रतीवर.

स्मार्टमध्ये (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) ‘पास्ड’ आलं. म्हणजे डिस्क चांगली आहे ना?

नाही. ‘पास्ड’चा अर्थ एवढाच की निर्मात्याने ठरवलेली लक्ष्मणरेषा अजून ओलांडलेली नाही, आणि ती रेषा फार लांब आखलेली असते. ‘स्मार्टसीटीएल -ए’ चालवून कच्चे आकडे वाचा.

क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. हे तीन शून्य हवेत. ५ मध्ये चार-सहा येऊन वर्षभर तिथेच राहिले तर मी डिस्क वापरत राहतो, लक्ष ठेवून. आकडा दर आठवड्याला चढत असेल तर नवी मागवतो. १९७ कधीकधी त्या जागी पुन्हा लिहिल्यावर शून्यावर येतो. आनंद आहे, पण विसरू नका.

१९९ ची गोष्ट वेगळी. तो डिस्क आणि कंट्रोलरमधल्या वाटेवर झालेल्या चुका मोजतो, आणि बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. हा आकडा वाढताना बघून चांगली डिस्क बदलणारे कमी नाहीत: रोग रेड्याला, औषध पखालीला. केबल बदला आणि आकडा लिहून ठेवा. तो कधी कमी होत नाही, पण वाढायचा थांबला की निदान बरोबर होतं.

सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ क्रमांकापुढे कोट्यवधींचे आकडे दिसतात. घाबरू नका, त्यात एकूण कामांची मोजणीही मिसळलेली असते.

एवढं करूनही स्मार्ट सगळं सांगत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात बंद पडलेल्या ३६ टक्के डिस्कनी आधी स्मार्टमधून काहीच इशारा दिला नव्हता. इशारा मिळाला तर ऐका. नाही मिळाला तर निश्चिंत होऊ नका.

यूएसबी डब्यातल्या डिस्कचं स्मार्ट दिसत नसेल तर ‘-डी सॅट’ जोडून बघा.

स्मार्टची लाँग टेस्ट (डिस्कने स्वतःची केलेली पूर्ण तपासणी) किती वेळ घेते?

८ टीबीच्या डिस्कला, सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद धरली, तर जवळजवळ १५ तास. नव्या डिस्कवर डेटा टाकण्याआधी एकदा ती जरूर करा. आजारी डिस्कवर डेटा काढण्याआधी करू नका.

डिस्क टक-टक असा तालात आवाज करतेय.

बंद करा. डेटाची दुसरी प्रत नसेल आणि तो मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका, आत ओलावा धरतो.

रेड (अनेक डिस्कची मिळून एक मांडणी) ‘डिग्रेडेड’ झालं, म्हणजे त्यातली एक डिस्क गळाली. डिस्क काढून नवी घालू?

कोणती काढणार? हा प्रश्न मूर्खासारखा वाटतो, पण चारातली चांगली डिस्क उपसून रेड ५ (एकच डिस्क गेलेली सोसणारं) जमीनदोस्त करणारे अनुभवी लोक असतात. एसडीसी म्हणजे डावीकडून तिसरी, असं काही नसतं. ‘एलएस -एल /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मधून सीरियल नंबर घ्या आणि स्टिकरवरच्या नंबराशी जुळवा. स्टिकर खाचेत लपलेलं असेल तर सर्व्हर बंद करून बघा.

मग विचार करा की ती मेलीय की रेडने तिला नुसती बाहेर काढलीय. घरगुती डिस्क एखादा अवघड सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झगडत बसते. लिनक्स ३० सेकंदांत कंटाळतो आणि तिला मृत समजतो. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीसाठीच्या) डिस्क सुमारे ७ सेकंदांत हार मानतात, म्हणून त्या रेडमध्ये टिकतात. ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७०’ ही मर्यादा घालून देतं. बऱ्याच डिस्कवर ती रीबूटनंतर पुन्हा द्यावी लागते, आणि काही डिस्क ती मानतच नाहीत. त्यांच्यासाठी कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा.

नवी डिस्क जोडायला मोकळा पोर्ट असेल आणि जुनी अजून थोडीफार वाचली जात असेल, तर जुनी काढू नका. झेडएफएसचं (रेडही सांभाळणाऱ्या फाइलसिस्टिमचं) ‘झेडपूल रिप्लेस’ आणि एमडीचं (लिनक्सच्या स्वतःच्या रेडचं) ‘--रिप्लेस’ दोन्ही जुनी जागेवर ठेवूनच नवी भरतात. अडलेला तुकडा फक्त दुसऱ्या डिस्कवरून घेतात.

रीबिल्ड (रेडमध्ये नवी डिस्क भरणं) चार दिवस चाललंय.

नवी डिस्क एसएमआर आहे का ते मॉडेल नंबरावरून तपासा. अशा डिस्कवर पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, म्हणून मधलं एक कौल बदलायचं तर पुढची रांग उचलावी लागते. सिनेमे साठवायला चालतात, झेडएफएसच्या रीसिल्व्हरला, म्हणजे त्याच्या रीबिल्डला, नाही. २०२० साली नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं, तेव्हापासून कंपन्या डेटाशीटमध्ये तसं लिहू लागल्या. खोक्यावरच्या ‘नॅस’ शब्दावर जाऊ नका.

झेडएफएसवर ढीगभर फाइली डिलीट केल्या, जागा तेवढीच.

स्नॅपशॉट, म्हणजे फाइलसिस्टिमचं त्या त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र. ‘झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस’मध्ये स्नॅपशॉटचा वेगळा रकाना दिसतो. फाइल ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये आहे ते सगळे गेले तरच ती जागा सुटते. पूल (झेडएफएसचा डिस्कसाठा) अगदी गच्च भरला तर डिलीटही नाकारलं जाऊ शकतं, कारण कॉपी-ऑन-राइटमध्ये पुसण्यासाठीही आधी नवीन लिहावं लागतं. तेव्हा जुना स्नॅपशॉट उडवा, किंवा कोणत्याही स्नॅपशॉटमध्ये नसलेली मोठी फाइल ट्रंकेट करा. मी ८० टक्क्यांना पिवळा दिवा मानतो.

बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये जागा दिसूनही लिहिता येत नसेल तर बहुधा मेटाडेटाला (फाइलींच्या नोंदींना) नवा तुकडा मिळत नाहीये. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज’ बघा आणि ‘बॅलन्स’ला (तुकड्यांच्या फेरमांडणीला) ‘-डीयुसेज=५’ देऊन सुरुवात करा, मग हळूहळू आकडा वाढवा. सगळाच बॅलन्स एकदम चालवू नका.

फाइल कॉपी फार हळू होतेय. डिस्क बिघडली?

११० एमबी प्रतिसेकंदच्या आसपास अडकली असेल तर ती गिगाबिट नेटवर्कची भिंत आहे, डिस्क निर्दोष. हजारो बारक्या फाइली असतील तर फिरत्या डिस्कवर तसंच होणार. ‘आयओस्टॅट -एक्स’मध्ये एकाच डिस्कचा प्रतीक्षावेळ शेजारणींच्या कित्येक पट असेल तर मात्र तिचं स्मार्ट उघडा, आणि डीमेसेजमध्ये तिची लिंक ६ वरून १.५ गिगाबिटवर उतरलीय का ते बघा. उतरली असेल तर पुन्हा केबलच.

रेड आहे, मग बॅकअप कशाला?

चुकून पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी, अतिशय विश्वासूपणे पुसतं.

हे सगळं आधी कळावं म्हणून काय लावून ठेवू?

‘स्मार्टडी’ला (स्मार्टवर लक्ष ठेवणाऱ्या सर्व्हिसला) मेल पाठवायला लावा आणि कॉन्फिगमध्ये ‘-एम टेस्ट’ (यातला एम कॅपिटल) टाकून एक खोटा मेल खरंच पोहोचतो का बघा. घरच्या सर्व्हरवर इथेच घोडं पेंड खातं. महिन्यातून एक स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) हवा: डेबियन आणि उबंटूवर झेडएफएसचा दुसऱ्या रविवारी आपोआप होतो, एमडीची तपासणी डेबियनवर पहिल्या रविवारी. एसएसडीसाठी ‘एफएसट्रिम’चा (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणारा) टायमर चालू आहे का ते एकदा बघा.

आणि डिस्क बसवतानाच तिच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून खाचेच्या समोरच्या बाजूला चिकटवा. मी ते चौथ्या डिस्कपासून करायला लागलो, म्हणून पहिल्या तिघींसाठी अजूनही टॉर्च घेऊन वाकावं लागतं.